मालनबाईंचं आधी आणि नंतर

मखमलाबाद रोडच्या ‘सोनपाकळी रोपवाटिके’त पहिल्यांदा रोपं घ्यायला आलेला शेतकरी हमखास फसायचा. दुपारचे एक वीस झालेले असायचे, काउंटरवर त्याच्या टोमॅटोचं बुकिंग चाललेलं असायचं, आणि अचानक मागून आवाज फुटायचा, “चलाऽऽ! निघा समदे भाईर! डबा लावायचाय!”

शेतकरी मनात म्हणायचा, वा, काय मोठ्या मनाची माणसं आहेत, गिऱ्हाइकालाही जेवायला बोलावतात. तो बिचारा नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन यायचा. येऊन बघतो तर बाकी सगळे आपापल्या पिशव्या घेऊन झाडाखाली निघालेले, आणि हाक मारणारी बाई एका तळहाताएवढ्या काळ्या डबीला वायर लावून तिच्यासमोर स्टूल टाकून बसलेली.

“आन् जेवन?”

“तुमचं तुमी आनलं आसंल की,” मालनबाई डबीवरची नजर न काढता म्हणायच्या. “ह्यो डबा कॉम्प्युटरचा हाय.”

तर प्रकार असा. नर्सरीत पाच कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात सहावा, मोठा. कुठल्या गावच्या कुणी मिरची सांगितली, किती ट्रे सांगितले, कुठल्या तारखेला न्यायच्या, हे सगळं त्या मोठ्याच्या पोटात. त्याची रोज एक नक्कल त्या काळ्या डबीत काढून ठेवायची. याला सगळं जग बॅकअप म्हणतं. मालनबाई डबा म्हणतात. डबा हा शब्द इतका पसरला की नर्सरीचे मालक सोमनाथशेठसुद्धा बँकेच्या साहेबांना एकदा म्हणाले होते, “आमचा रोजचा डबा असतो, चिंता नाही,” आणि साहेबांनी कौतुकाने विचारलं होतं, “घरून येतो का?”

बॅकअप भर दुपारी का? तर शेठच्या वडिलांनी घालून दिलेला नेम. सहा वाजले की मेन स्विच खाली, देवाला हात, आणि घरी. त्या नेमापुढे कॉम्प्युटरची काय टाप! म्हणून जेवणाच्या सुट्टीतली वीस-बावीस मिनिटं, तेवढीच काय ती वेळ.

आणि मालनबाईच का? त्यालाही कारण आहे. मालनबाई मूळच्या सायखेड्याच्या, सातवी पास. लग्न होऊन इकडे आल्या, नवरा बहिरू कोथिंबीर-मेथी पिकवून बाजारात नेतो. त्या नर्सरीत लागल्या त्या ट्रेमध्ये बिया टोचायला. एका ट्रेला एकशे चार खड्डे, एका खड्ड्यात एक बी. दुसऱ्या बायांच्या ट्रेमध्ये कुठे दोन पडायच्या, कुठे एकही नाही. मालनबाईंच्या ट्रेमध्ये अख्ख्या हंगामात एक खड्डा रिकामा निघाला होता, तर त्या शेतकऱ्याकडे जाऊन एक रोप हातात देऊन आल्या होत्या. अशा बाईला शेठने ऑफिसात घेतलं, चहा-पाण्याला, झाडलोटीला.

मग चौदा वर्षांपूर्वी तो मोठा कॉम्प्युटर बसला. बसला म्हणजे मांडी घालूनच. उठेचना. म्हटलं असू दे, डबीत नक्कल आहे. नक्कल चढवली, तर नांदगावकडच्या शेतकऱ्यांच्या नावापुढे मिरचीच्या जागी झेंडू! नक्कल निघत असताना कोणीतरी आत बसून टाइप करत होतं, त्यामुळे अर्धी यादी कालची आणि अर्धी आजची. एक तात्या तर ट्रे बघून काउंटरवरच ओरडले, “मी वावरात मिरची लावायला निघालो होतो, आता काय लगीन लावू तिथं?”

त्यावर ठरलं : बॅकअपच्या आधी सगळ्यांनी प्रोग्रॅम बंद करून बाहेर पडायचं. भिंतीवर पाटी लागली. पाटीला कोणी विचारीना. शेवटी शेठ म्हणाले, “मालनबाई, तुम्ही बघा.”

मालनबाईंनी जे बघितलं ते चौदा वर्षं बघितलं.

त्यांची एक चाल होती. एक वीसला आरोळी. आरोळीनंतर पहिला मुक्काम काउंटर. तिथे हर्षाली. हर्षालीच्या कानाला सदैव फोन. “हो दादा, सांगते दादा, लिहून घेतलं दादा, गाडीचं बघते दादा.” हर्षालीला हात करून फायदा नसायचा. मालनबाई सरळ रिसीव्हर काढून घ्यायच्या आणि पलीकडच्या दादाला सांगायच्या, “दादा, तुमी जेवलात का? मंग आदी जेवून घ्या.” खट्.

दुसरा मुक्काम लेबल छापायचं मशीन. हर्षाली म्हणायची, “छापून झालं, मावशी.” मालनबाई कान लावायच्या. मशीन गप्प असलं तरी त्याच्या पोटात कधी कधी चार लेबलं अडकलेली असायची, आणि तेव्हा ते बारीक गुरगुरायचं. गुरगुरणं थांबेपर्यंत पुढे पाऊल नाही.

तिसरा मुक्काम गोदाम, आणि तिथे गोटीराम. गोटीराम सटाण्याकडचा, वय साठ, एका बोटाने टाइप करणारा आणि ते बोटही विचार करून टाकणारा. त्याला विचारायचं, “सेव्ह झालं का?” यात सगळी मेख. गोटीराम एकदा “झालं” म्हणाला तर झालेलं असायचं. पण “झालं झालं” म्हणाला, तर अजिबात झालेलं नसायचं. आणि “झालं झालं झालं” म्हणाला, तर त्याने अजून उघडलेलंच नसायचं. ऑफिसातल्या एकालाही हा हिशेब चौदा वर्षांत उमगला नाही. मालनबाईंना पहिल्या आठवड्यात उमगला.

चौथा मुक्काम शेठची केबिन. शेठ सकाळपासून प्रोग्रॅम उघडून नुसते बघत बसायचे. टाइप काही करायचे नाहीत. किती झेंडू गेला, किती उरला, एवढंच, जसं काही लोक गच्चीतून रस्ता बघतात. त्यांना “बाहेर पडा” म्हणायचं कोणी? मालनबाई मागच्या भिंतीतल्या खिडकीतून चहा द्यायच्या, मग दारातून आत जाऊन टेबल पुसायच्या. शेठच्या एका हातात कप, दुसऱ्यात बशी. माउस मोकळा. टिक्. बंद.

मग कपाट उघडायचं. कंबरेला चावी, कपाटात दोन डब्या, एकीला लाल दोरा, एकीला हिरवा. आज लाल तर उद्या हिरवी. डबी लावायची, चित्रावर दोनदा दाबायचं, आणि समोर बसून भाकरी खायची. झालं की डबीचं वजन बघायचं. वजन म्हणजे किती भरली तो आकडा. तो कालच्यापेक्षा मोठा हवा. तेवढाच असला तर डबी उपाशी राहिली, पुन्हा वाढायचं. मोठा असला की उठून गर्जना, “झालं बरं का! करा चालू!”

चौदा वर्षांत एकदाच खाडा झाला, तापाने. हर्षालीने काम घेतलं, गोटीराम “झालं झालं” म्हणाला, हर्षालीने विश्वास ठेवला. तीनच दिवसांत नक्कल चढवायची पाळी आली, आणि सायखेड्याला जायचा कोबी टेम्पोत बसून भलत्याच गावाला निघाला. तेव्हापासून हर्षाली हात जोडायची, “मावशी, मी तुमचे पाय चेपीन, पण गोटीरामकाकांना बाहेर काढायचं मला सांगू नका.”

मालनबाईंना याचा थोडा अभिमानच होता. अभिमान गेल्या शनिवारपर्यंत टिकला. शनिवारी लेकीचा फोन आला.

लेक म्हणजे तेजस्विनी. ही पोरगी नर्सरीच्या शेडनेटच्या जाळीखाली ट्रेच्या उलट्या थप्पीवर पाटी ठेवून शिकली, आणि आता रेल्वेत इंजिनात बसते. असिस्टंट लोको पायलट. मालनबाईंच्या तोंडी ते “माजी पोरगी इंजनातली” एवढंच होतं, पण इंजनातली म्हणताना त्यांची मान अशी काही वळायची की समोरच्याला शिट्टीच ऐकू यावी. भुसावळचं ट्रेनिंग संपलं होतं, मनमाडला नेमणूक मिळाली होती.

“आई, गुरुवारी माझी पहिली गाडी! मनमाड स्टेशनातूनच जाणार. तू प्लॅटफॉर्मवर उभी राहिलीस ना, तर दिसेन तुला.”

“बया! किती वाजता?”

“मालगाडी आहे गं. मालगाडीला टाइम नसतो.”

“आसं कसं? काय तरी आसंलच की.”

“अकरा ते चार. मधे कधीही.”

मालनबाईंनी बोटांवर मोजलं, अकरा, बारा, एक.

“आई? ऐकतेस ना?”

“आगं,” मालनबाई म्हणाल्या, “दीड त्याच्यातच येतो.”

रविवारी त्यांनी बहिरूला सांगितलं. बहिरू म्हणाला, “एक दिस डबा नाय लावला तर काय व्हईल?” मालनबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने कोथिंबिरीच्या जुड्या पुन्हा एकदा मोजल्या.

सोमवारी सकाळी त्या शेठसमोर उभ्या राहिल्या. “शेठ, गुरवारी मनमाडला पोरीची पयली गाडी हाय, मला सुट्टी पायजे. आन् डबा चुकला नाय पायजे.”

“मग अमितला बोलवा,” शेठ म्हणाले. “मशीनवर टाका सगळं.”

अमित हा कॉम्प्युटरवाला इंजिनिअर, इंदिरानगरचा, मोटरसायकलवरून येतो, वाक्याच्या सुरुवातीला एक ‘बेसिकली’ लावतो आणि वाक्य संपलं की ‘टेन्शन नॉट’. मधलं वाक्य नसलं तरी चालतं.

“बेसिकली काय आहे ना मावशी, बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन रिकामे खण असतात. एक आधीचा, एक नंतरचा. आधीच्या खणात एक स्क्रिप्ट टाकायची. ती पहिल्यांदा चालते. मग बॅकअप. मग नंतरच्या खणातली स्क्रिप्ट चालते. स्क्रिप्ट म्हणजे कामांची यादी. कॉम्प्युटर वरून खाली वाचत जातो आणि करत जातो.”

“म्हंजी मी.”

“अं?”

“आदी समद्यास्नी काडायचं, मग डबा, मग समद्यास्नी घ्यायचं. ती मीच की.”

अमितने विचार केला. “हो. बेसिकली तुम्हीच.”

“मग घाल मला त्या खनात,” मालनबाई खूश होऊन म्हणाल्या. “गुरवारच्या आत घाल.”

अमितने तिथेच उभ्या उभ्या आधीची स्क्रिप्ट लिहिली. तीन ओळी. सगळ्यांच्या स्क्रीनवर सूचना दे, दोन मिनिटं थांब, सगळे प्रोग्रॅम बंद कर. नंतरची दोन ओळींची. प्रोग्रॅम पुन्हा उघडायला परवानगी दे, आणि ‘बॅकअप यशस्वी’ असं मोठ्या अक्षरात दाखव. “टेन्शन नॉट,” तो म्हणाला आणि चहा मागितला.

सोमवारी दीड वाजता स्क्रीनवर सूचना आली. हर्षालीने फोनवर ‘हो दादा’ म्हणता म्हणता न वाचता ती बंद केली. गोटीरामने ती आली हे बघितलंच नाही, कारण त्याची नजर कीबोर्डवर ‘ढ’ शोधत होती. दोन मिनिटांनी स्क्रिप्टने धाडदिशी सगळं बंद केलं. हर्षाली किंचाळली. गोटीरामचं बाहत्तर ट्रेचं चलन ‘ढोबळी’ या शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर गेलं. लेबलाच्या मशीनने अर्धं लेबल बाहेर काढून जीभ दाखवावी तसं ठेवलं. केबिनमधून शेठचा आवाज आला, “कोणी बंद केलं? मी बघत होतो ना!”

आणि या सगळ्या गोंधळावर सगळ्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत उमटलं : बॅकअप यशस्वी!

“बघा,” अमित जरा चाचरत म्हणाला, “थोडी गडबड झाली, पण बेसिकली बॅकअप झाला.”

मालनबाईंनी कंबरेची चावी चाचपली. “आरं पन डब्या तर दोनी कपाटात हायेत!”

“बेसिकली...” अमित म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘टेन्शन नॉट’ गिळून त्याने दोन्ही स्क्रिप्ट पुन्हा वाचल्या. मग कबूल केलं, “नंतरच्या स्क्रिप्टला आधी काय झालं ते माहीतच नाही. तिला सांगितलं होतं यशस्वी म्हण, ती म्हणाली.”

“म्हंजी आत भात शिजला नाय आन् भाईर पंगत उठवली!”

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, बघा, माझ्यावाचून चालत नाही. मालनबाईंना मात्र आपल्यावाचून चालायला हवंच होतं. गुरुवारला तीन दिवस राहिले होते. त्यांनी त्या दिवशीचा डबा स्वतः लावला, अमितला दारात गाठलं आणि सांगितलं, “उद्या ये. आन् बोलायला नगं येऊ, लिवायला ये.”

मंगळवारी अमित लॅपटॉप पोटाशी धरून मालनबाईंच्या मागे चालला. त्या पुढे, तो मागे, पूजेला सवाष्ण आणि मागे भटजी अशी वरात. त्या एक करायच्या, तो एक ओळ लिहायचा.

“मावशी, प्रिंटरजवळ काय करताय?”

“ऐकती.”

“काय ऐकताय?”

“गुरगुरतंय का ते.”

अमितने कान लावला. गुरगुरत होतं. तो चाटच पडला. त्याने लिहिलं : छापायचं काही शिल्लक असेल तर थांब.

गोटीरामपाशी आल्यावर अडलं. “झालं आणि झालं झालं यातला फरक कॉम्प्युटरला कसा सांगू?” अमितने डोकं खाजवलं. मग म्हणाला, “गोटीरामकाकांना विचारायचंच नाही. त्यांचं पान उघडं आहे का, ते मोठ्या कॉम्प्युटरला माहीत असतं. त्यालाच विचारू. उघडं असेल तर स्क्रिप्ट जागची हलणार नाही, आणि त्यांना हाक मारत राहील.”

“मला का नाय इचारायचं?” गोटीराम दुखावला. “मी कवा खोटं बोललो का?”

“नाय नाय,” मालनबाई म्हणाल्या.

“हे बघा, तुमीबी दोनदा म्हनल्या!”

डब्यांचं ठरलं. लाल-हिरव्यातली त्या दिवसाची डबी हर्षालीने आधी लावायची. डबी नसेल तर स्क्रिप्टने तिला हाक मारायची आणि थांबायचं. नंतरच्या स्क्रिप्टने हिरव्या अक्षरांची घाई करायची नाही. आधी वजन बघायचं. कालच्यापेक्षा वाढलं तरच ‘करा चालू’. नाहीतर सगळ्यांना बाहेरच ठेवायचं आणि अमितला कळवायचं.

राहिले शेठ. अमित म्हणाला, “शेठना मी डायरेक्ट बाहेर काढू शकतो. एक ओळ.”

“शेठला ढकलायचं नाय,” मालनबाई म्हणाल्या. त्यांनी जरा विचार केला. “त्यांना इचार. ‘शेठ, सुरू करू का?’ आन् खाली एकच बटन ठिव. ‘हो, करा.’”

“नाही म्हणायचं बटण?”

“नाय. शेठ नाय म्हनत नस्त्यात. त्यांना इचारत कोन नाय, एवढंच त्यांचं दुखनं हाय.”

हाका कोणाच्या आवाजात मारायच्या हा प्रश्नच नव्हता. अमितने त्यांना कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुश्याच्या, पोत्यांमध्ये नेऊन उभं केलं, कारण तिथे आवाज घुमत नाही, आणि मोबाइल तोंडासमोर धरला. “ओरडा मावशी.”

मालनबाई अगदी नाजूक आवाजात म्हणाल्या, “गोटीराम, बंद करता का?”

“अहो, रोजच्यासारखं.”

“समोर कोन नाय तर वरडू कोनावर?”

मग गोटीरामला आणून पोत्यांपुढे उभं केलं. त्याला बघताच आपोआप झालं, “गोटीराऽऽम! बंद कर म्हनते ना! भाईर ये!” गोटीराम खरोखर दोन पावलं मागे सरला. असंच हर्षालीला समोर उभं करून तिच्या नावाचं झालं. शेठचं रेकॉर्डिंग करताना मात्र शेठला पोत्यांत कसं उभं करणार? त्यांच्या जागी बुजगावण्यासारखी त्यांची छत्री धरली. काम भागलं.

बुधवारी परीक्षा. अमितने मालनबाईंना सांगितलं, “तुम्ही नळाजवळ बसायचं. आत यायचं नाही. हात लावायचा नाही.” मालनबाई नळाजवळ बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

एक वीसला आतल्या स्पीकरमधून आरोळी फुटली, “चलाऽऽ! निघा समदे भाईर!” झाडावरचे साळुंक्यांचे दोन थवे उडाले. रोपं घ्यायला आलेले एक आप्पा त्यांच्या शेजारी पाणी पीत होते. ते म्हणाले, “लय कडक बाई दिसती आत.”

“लय,” मालनबाई म्हणाल्या.

मग आतून, “हर्षाली, फोन ठिव!” मग शांतता. म्हणजे मशीन गुरगुरत असणार. मग, “गोटीराऽऽम! बंद कर म्हनते ना!” आणि त्यावर गोटीरामचा घाबरून अहिराणीत गेलेला आवाज, “मी आठेच शे ना, माय! करस ना!” म्हणजे, इथेच आहे, करतोय. स्पीकर पुन्हा, “गोटीराऽऽम! बंद कर म्हनते ना!” गोटीराम, “आवं, एक अक्षर राह्यलं!” स्पीकरला दया नाही. चौथ्या हाकेला गोटीराम पान बंद करून दारात आला, घाम पुसत म्हणाला, “समोर नसून जास्त तरास देती ही बाई,” आणि मालनबाई दिसल्यावर पुन्हा आत पळाला.

केबिनमध्ये, “शेठ, सुरू करू का?” शेठ खुर्चीत ताठ बसले. चष्मा लावला. सही करावी तसं बटण दाबलं. बाहेर येऊन म्हणाले, “चांगली पद्धत आहे. दिवसातून दोनदा घेता येईल का?”

एक त्रेपन्नला वजन वाढलं आणि मालनबाईंच्याच आवाजाने सगळ्यांना आत घेतलं. नळाजवळच्या मालनबाईंनी मांड्यांखालचे हात काढले. त्यांना मुंग्या आल्या होत्या. तशाच हातांनी त्यांनी तेजस्विनीला फोन लावला. “येतीय मी!”

गुरुवारी साडेदहालाच त्या मनमाडच्या प्लॅटफॉर्मवर होत्या. नवी इरकल, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. प्रत्येक गाडीला उठायच्या. पॅसेंजरला उठल्या, एक्स्प्रेसला उठल्या. सिमेंटची एक मालगाडी आली तर तिच्या इंजिनाच्या खिडकीत इतकं वाकून बघितलं की आतला मिशाळ ड्रायव्हर दचकून मागे झाला. “तेजस्विनी नाय का ह्याच्यात?” त्याने मान हलवली. हमाल हसले, त्याही हसल्या. बाकड्यावर शेजारी बसलेल्या तीन बायांना एव्हाना तेजस्विनीचं दहावीचं मार्कशीट पाठ झालं होतं.

एक वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. हर्षाली.

“मावशी! तुमचा आवाज शेठना हाका मारतोय! ‘शेठ, सुरू करू का? शेठ, सुरू करू का?’ अकरा वेळा झालं! बाकी सगळे बाहेर पडलो आम्ही!”

“आन् शेठ?”

“शेठ सकाळी आले, कॉम्प्युटर लावला, केबिनला कुलूप घातलं आणि गाडी घेऊन गेले! फोन पण उचलत नाहीत! आणि ते हो म्हटल्याशिवाय काहीच पुढे जात नाहीये!”

मालनबाई आता काय करावं म्हणून वळतात तर जिन्यावरून धापा टाकत, हातात झेंडूचा हाऽऽ एवढा हार घेऊन, सोमनाथशेठ! हारामुळे दोन माणसांनी त्यांना पुढारी समजून वाट दिली होती.

“आली का? गेली तर नाही ना?” शेठ दुरूनच ओरडले. “आपल्या शेडनेटमधली पोरगी इंजिन चालवणार आणि मी केबिनमध्ये बसू? म्हटलं तुम्हाला चकित करू!”

“झाले चकित,” मालनबाई म्हणाल्या. “शेठ, तिकडं परवानगी कोन देनार?”

शेठचा चेहरा हारासारखाच खाली लोंबला. मग त्यांनी फोन घेतला आणि स्टेशन दणाणेल असं ओरडले, “हो! करा! दिली परवानगी!”

“शेठ, त्याला ऐकू येत नाही,” हर्षाली तिकडून रडकुंडीला आली. “बटण दाबायचंय. एंटर!”

केबिनची चावी शेठच्या खिशात होती, आणि खिसा मनमाडला.

तेवढ्यात फोनमध्ये गोटीरामचा आवाज आला. केबिनच्या मागे चहा द्यायची खिडकी उघडी आहे. माणूस जाणार नाही, पण काठी जाईल. त्याने शेडनेटचा बांबू आणला. बांबू आत घातला आणि दाबला. हर्षाली किंचाळली, “काका, चार बटणं दाबली गेली एकदम!” बांबू जाड. मग त्याच्या टोकाला पेन्सिल बांधायचं ठरलं. दोरा सापडेना. दोरा सापडला, पेन्सिल सापडेना. मग पेन्सिल बांधून बांबू पुन्हा आत गेला, आणि आता खिडकीतून कीबोर्ड अर्धाच दिसत होता. एंटर कुठे आहे हे अंदाजाने सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो हार घेऊन प्लॅटफॉर्मवर उभा होता.

“डावीकडं,” मालनबाई फोनमध्ये म्हणाल्या, शेठ सांगतील तसं. “आजून डावीकडं. नाय नाय, तुजं डावं नाय, शेठचं डावं!”

आणि लांब, सिग्नलच्या पलीकडे, भोंगा वाजला.

स्पीकरवर बाई बोलली, थेट जाणारी गाडी येत आहे, कृपया रुळांपासून दूर उभे राहा. प्लॅटफॉर्मवरची धूळ हलायला लागली. मालनबाईंनी फोनकडे बघितलं. रुळाकडे बघितलं. फोनमधून गोटीराम विचारत होता, “आता वर का खाली? आवो मालनबाई, वर का खाली?”

तो एक ताप वगळता चौदा वर्षांत दीडच्या त्या कामाने मालनबाईंना कधी सोडलं नव्हतं, आणि मालनबाईंनी त्याला. त्यांनी फोन शेठच्या हातात कोंबला. “धरा शेठ. तुमची केबिन, तुमचं बटन. तुमीच करा.”

आणि निघाल्या. इरकल सावरत, बाकड्यावरच्या तिन्ही बायांना ओलांडत, पिवळ्या पट्टीच्या अलीकडे पण सगळ्यांच्या पुढे.

शेठ बिचारे तिथेच उकिडवे बसले. एका कानात बोट, दुसऱ्या कानाला फोन, दंडावर हार, आणि हवेत आपलाच कीबोर्ड काढत ओरडत होते, “गोटीराम, वर! कागद ठेवतो ना मी, त्याच्या उजवीकडे! हळू! अरे, हळू म्हणजे हळू!”

इंजिन आलं. जमीन हादरली. प्लॅटफॉर्मकडच्या खिडकीत निळा शर्ट, मागे घट्ट बांधलेले केस, आणि पुढे सरळ केलेला हात. मालनबाई उड्या मारत होत्या, दोन्ही हात वर, तोंडातून काय निघत होतं त्यांचं त्यांना कळत नव्हतं. तेजस्विनीने मान वळवली नाही. तिची नजर पुढच्या सिग्नलवर होती, बोट त्याच्याकडे रोखलेलं होतं, आणि इंजिनाच्या गडगडाटावर तिचा आवाज स्वच्छ उमटला, “स्टार्टर ग्रीन!” आतून ड्रायव्हरने तेच परत म्हटलं. इंजिन गेलं.

मागून डबेच डबे, धडाड् धडाड्, संपता संपेनात. त्या आवाजात शेठ काहीतरी ओरडत उठले, “लागलं! लागलं! सुरू झालं!” त्यांनी आनंदाच्या भरात फोन उंच धरला, मग वळून बघितलं आणि थबकले. “गेली? इंजिन गेलं? मी बघितलंच नाही! मालनबाई, दिसली का हो? तिने बघितलं का तुमच्याकडे?”

मालनबाईंना दम लागला होता. पदर खांद्यावर घसरला होता, आणि शेवटचा डबा लांब जाईपर्यंत त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग शेठकडे वळल्या, आणि बाकड्यावरच्या बायांना, हमालांना, सगळ्या मनमाडला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या,

“नाय बगितलं! येकदाबी नाय बगितलं! काम करत व्हती!”